प्रश्न तुमचे: आशियाई सिनेमातली मारामारी, भुतं आणि हसू

आशियाई चित्रपटांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आठच्या वर रेटिंग असलेले चित्रपट यादी करून पाहिले. काही फार आवडले, काही अर्ध्यात सोडले. मग या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?

आकडा कशाचा आहे ते आधी पाहा. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांना चित्रपट बरा वाटला, एवढंच प्रमाण. शंभरच्या शंभर जणांना तो जेमतेम बरा वाटला, तरी तिथे १०० टक्के दिसतात. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांचा हिशेब असतो. तिथल्या ‘टॉप २५०’ यादीत यायला किमान २५,००० मतं लागतात आणि मतं कमी असली की चित्रपटाचे गुण एकूण सरासरीकडे ओढले जातात. समजा ती सरासरी ७ आहे. ८.६ गुणांच्या चित्रपटाला २५,०००च मतं असतील, तर यादीच्या हिशेबात तो ७.८ वर येतो. अडीच लाख मतं असतील, तर ८.४५ च्या आसपास टिकतो. जगभर कमी पोहोचलेला एखादा थाई किंवा इंडोनेशियन चित्रपट यादीत दिसत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

भयपटांना आणि विनोदी चित्रपटांना प्रेक्षक हात आखडून गुण देतात. ज्याला घाबरायचंच नव्हतं तो गुण कापतो आणि घाबरायला आलेला घाबरला नाही तर तोही कापतो. म्हणून या दोन प्रकारांत सातच्या आसपासचा आकडा दिसला तरी चित्रपट बाजूला टाकू नका.

समीक्षकांच्या याद्या आणखी वेगळ्या. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या २०२२ च्या कौलात ‘टोकियो स्टोरी’ चौथा आणि ‘इन द मूड फॉर लव्ह’ पाचवा आहे. दोन्ही थोर चित्रपट, पण दोन्हींत एक ठोसा नाही की एक किंकाळी नाही. तलवारबाजी पाहायच्या तयारीने बसलात तर हिरमोड होणारच, आणि त्यात दोष चित्रपटाचा नसेल.

प्रश्न: कुंगफूच्या चित्रपटात मारामारी खरी किती, तारांवर किती आणि कॅमेऱ्याची किती, हे कसं ओळखायचं?

आवडत्या मारामारीची दहा सेकंदं घ्या, आवाज बंद करा आणि चित्र किती वेळा बदलतं ते मोजा. दहा सेकंदांत बारा-पंधरा तुकडे असतील आणि ठोसा बसण्याच्या नेमक्या क्षणी चित्र बदलत असेल, तर काम बहुधा संकलकाने केलं आहे. दोन-तीनच तुकडे असतील, दोघांचे पाय जमिनीवर दिसत असतील आणि ठोसा निघाल्यापासून समोरचा पडेपर्यंत सगळं एकाच चित्रात असेल, तर काम अंगाने केलं आहे.

जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’तला (१९८५) मॉलमधला शेवट यासाठी उत्तम. माणूस काचेच्या कपाटावर आदळतो तेव्हा कॅमेरा मागे उभा असतो. कपाट, माणूस आणि त्याला फेकणारा, तिघंही चौकटीत असतात. दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून जॅकी खाली घसरतो, ती उडी लागोपाठ वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवली आहे. बघणाऱ्याला शंका राहू नये म्हणून. त्या घसरण्यात त्याचे हात भाजले होते.

वेगाची लबाडी वेगळी असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. चित्रीकरण २२ चौकटींनी केलं तर पडद्यावर हालचाल सुमारे ९ टक्के जलद दिसते, २० चौकटींनी केलं तर २० टक्के. हाँगकाँगमध्ये हे सर्रास चालायचं. हात-पाय पाहून ते कळत नाही. केस, कपड्याची टोकं आणि उडालेली धूळ पाहा. धूळ घाईने खाली बसली तर चौकटी कमी घेतल्या आहेत. धुळीचीही एक गंमत आहे: फटका डोळ्यांना दिसावा म्हणून मार खाणाऱ्याच्या कपड्यांवर आधी पावडर टाकून ठेवतात.

तारांवरची मारामारी (नटांना तारांनी टांगून हवेत उडवतात ती) मात्र हलकी समजू नका. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) बांबूच्या शेंड्यांवर चाललेलं द्वंद्व खरं वाटावं असा हेतूच नाही. ‘वूशिआ’ या चिनी तलवारबाजांच्या कथाप्रकारात योद्ध्याची साधना इतकी झालेली असते की त्याला वजन उरत नाही. तिथे पाहायचं ते एवढंच की उडी घेणाऱ्याचा तोल कमरेतून सांभाळला जातोय, की तो पिशवीसारखा लटकतोय. याउलट टोनी जाचा थाई ‘ओंग-बाक’ (२००३) तारांशिवाय केलेला आहे. तिथे गुडघा आणि कोपर यांचं राज्य आहे. दोन्ही एकाच आठवड्यात पाहा, फरक कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? ‘सेव्हन सामुराई’ २०७ मिनिटांचा आहे, धीर होत नाही.

अकिरा कुरोसावांच्या या १९५४ च्या चित्रपटात मध्यंतर आहे. तिथे थांबा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहा, काही बिघडत नाही. पहिल्या भागात सात जण जमतात आणि गाव लढाईला तयार होतं, दुसऱ्यात लढाई होते. पाहताना एका कागदावर लक्ष ठेवा. सामुराईंचा म्होरक्या कांबेई दरोडेखोरांच्या संख्येइतकी, म्हणजे चाळीस वर्तुळं काढतो आणि एकेक मेला की त्यावर काट मारतो. गावाचा नकाशाही तो आधीच दाखवतो: कुठे कुंपण, कुठे पाणी भरलेलं शेत, कुठला पूल तोडायचा. त्यामुळे शेवटी धो धो पावसात, चिखलात, घोड्यांच्या गर्दीतही किती उरले आणि ते कुठून येणार हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. आजच्या पुष्कळ मोठ्या लढायांत नेमकं हेच हरवतं. कोण कुठे उभा आहे ते कळत नाही, मग कोण मेला याचं दुःखही होत नाही.

तरी पहिलाच चित्रपट हा नको. ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) घ्या. मधला मोठा भाग निव्वळ शिक्षणाचा आहे आणि तोच चित्रपटाचा प्राण आहे. दोन्ही दंडांना आतून पाती बांधलेली, हातात पाण्याच्या बादल्या. हात खाली आले की पातं बरगडीत घुसणार. पुढे लढाईत नायकाचे हात तसेच ताठ राहतात आणि का राहतात ते आपल्याला माहीत असतं. त्यानंतर जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८), मग ‘पोलीस स्टोरी’, मग किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ (१९७१). या शेवटच्यात बराच वेळ तलवार म्यानातून निघत नाही. बांबूच्या रानातली लढाई आली की ‘क्राउचिंग टायगर’ने कुठून काय घेतलं ते उमगतं. इंडोनेशियाचा ‘द रेड’ (२०११, १०१ मिनिटं) मुद्दाम शेवटी ठेवा. एकच इमारत आणि पेन्चाक सिलाट ही तिकडची युद्धकला. तो आधी पाहिला तर बाकीचे संथ वाटतील.

प्रश्न: हाँगकाँगच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत जो तो ‘युएन’. हे सगळे भाऊ आहेत का?

नाही. यू जिम-युएन या गुरूंच्या हाँगकाँगमधल्या, पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय आणि कसरती असलेलं चिनी नाटक) शिकवणाऱ्या शाळेतल्या मुलांनी गुरूंच्या नावातला ‘युएन’ आपल्या रंगमंचीय नावात घेतला. युएन बियाओ, युएन वा, युएन चिऊ आणि कोरी युएन हे त्यातले. जॅकी चॅन आणि सॅमो हंग हेही त्याच शाळेचे. जॅकी तिथे ‘युएन लो’ होता. युएन वू-पिंग मात्र या घराण्यातले नव्हेत. त्यांचं आडनावच युएन आहे, चिनी लिपीत ते वेगळं लिहितात. ‘ड्रंकन मास्टर’ त्यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यातला दारुडा गुरू म्हणजे त्यांचे वडील. चित्रपट निवडताना नटापेक्षा मारामारी बसवणाऱ्याचं नाव पाहायची सवय लावली तर वू-पिंग, सॅमो हंग आणि लाउ कार-लेउंग ही तीन नावं पुष्कळ वर्षं पुरतात.

प्रश्न: ‘रिंगू’चं एवढं नाव ऐकलं होतं. पाहिला, भीती काही वाटली नाही. आमचं काय चुकलं?

एक शक्यता म्हणजे दिवे लावून, मोबाइल हातात घेऊन पाहिला असेल. हिदेओ नाकाता यांच्या या चित्रपटात (१९९८) रक्त जवळजवळ नाही आणि अचानक दचकवण्याचे प्रसंगही मोजके. भीती साठवत नेली आहे. मध्ये दोन मिनिटं लक्ष उडालं की साठा सांडतो आणि शेवटाला काही उरत नाही.

दुसरी शक्यता आवाजाची. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ चालू असेल तर बारीक आवाज मोठे आणि मोठे आवाज बारीक होतात. जपानी भयपटात शांततेलाच काम दिलेलं असतं, ते यात मरतं. तो मोड बंद करा, शक्य असेल तर हेडफोन लावा. खोलीत अंधार हवा. काळोख्या कोपऱ्यातली आकृती दिसत नसेल तर पडद्याची चमक थोडी वाढवा, पण काळा रंग राखाडी होईपर्यंत नको.

आता त्या गाजलेल्या दृश्याकडे या. टीव्हीच्या पडद्यातून बाहेर येणाऱ्या सादाको या भुताची चाल अशी विचित्र का दिसते? नटीला झटके देत उलट्या पावलांनी चालवलं आणि ते चित्रण उलटं फिरवलं. पाऊल पुढे पडतं, पण वजन चुकीच्या वेळी चुकीच्या जागी जातं. डोळ्यांना खोट दिसते आणि मेंदूला ती सांगता येत नाही. पांढरी वस्त्रं आणि मोकळे काळे केस तर जपानी चित्रकलेत आणि काबुकीत शतकानुशतकं आहेत. प्रेताला पांढरी वस्त्रं नेसवून निरोप देतात, त्यावरून ते आलं.

याच जातीचं आणखी एक दृश्य कियोशी कुरोसावा यांच्या ‘पल्स’मध्ये (२००१) आहे. (अकिरा कुरोसावांशी त्यांचं नातं नाही.) खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून एक बाई हळूहळू चालत येते. मध्येच तिचा पाय लचकतो, ती कोसळता कोसळता सावरते आणि पुन्हा चालू लागते. बस्स, एवढंच. कुठलाही झटका न देता केलेलं यापेक्षा भीतिदायक काही सांगणं कठीण आहे.

धीम्या भीतीची गोडी लागली की मासाकी कोबायाशींचा ‘क्वाइदान’ (१९६४) पाहा. चार स्वतंत्र कथा आहेत, रोज एक पुरे. कोरियन ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ (२००३) लागोपाठ दोनदा पाहावा लागतो. दुसऱ्या वेळी कोण कुणाकडे पाहत नाही तेवढं बघा. ‘द वेलिंग’ (२०१६) १५६ मिनिटांचा आहे आणि शेवटी उत्तर हातात देत नाही. उत्तर हवंच असणाऱ्यांनी तो टाळावा.

प्रश्न: जुन्या हाँगकाँग चित्रपटांत ओठ एक बोलतात, आवाज दुसराच. मूळ भाषेचा ट्रॅक निवडूनही तेच. आमच्या प्रतीत बिघाड आहे का?

प्रत ठीक आहे. १९९० च्या दशकापर्यंत हाँगकाँगमध्ये बहुतेक चित्रपट मुका चित्रित करून आवाज नंतर भरत. सेटवर एक नट कॅन्टोनीज बोले, दुसरा मँडरिन, आणि पुढे दोन्ही भाषांत डबिंग होई. बऱ्याचदा जॅकी चॅनच्या तोंडीही दुसऱ्याचाच आवाज असे. म्हणून त्या काळच्या चित्रपटांत ओठांकडे पाहू नका. तरी इंग्रजी डबपेक्षा चिनी ट्रॅकच घ्या. इंग्रजीत संवाद ओठांच्या मापाने कापतात आणि अर्थ वाऱ्यावर जातो.

सबटायटल्सचीही एक खोड माहीत असू द्या. काही डिस्कवर मूळ संवादांचं भाषांतर नसून इंग्रजी डबचेच शब्द छापलेले असतात. पात्र बोलत नसताना ओळ उमटली, किंवा लांब वाक्याला दोनच शब्द आले, तर तोच प्रकार. दुसरी सबटायटल फाइल मिळवा.

प्रश्न: सबटायटल्स सुरुवातीला जुळतात आणि शेवटी पाच मिनिटं मागे-पुढे होतात. पुढे-मागे सरकवूनही उपयोग होत नाही.

फरक सतत सारखा असेल तरच सरकवून भागतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळा दाबल्या की सबटायटल्स ५० मिलिसेकंदांनी अलीकडे किंवा पलीकडे जातात. तुमचा फरक मात्र वाढत जातोय. म्हणजे चित्रपट सेकंदाला जवळपास २४ चौकटींचा आहे आणि सबटायटल्स २५ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली आहेत, किंवा याच्या उलट. वेगात सुमारे ४ टक्के फरक पडतो. दोन तासांत तो पाच मिनिटांच्या घरात जातो. सबटायटल्स संपादित करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलून फाइल साठवा, काम झालं.

पण अर्धा चित्रपट बरोबर चालून एका ठिकाणी अचानक उडी बसली, तर तुमची प्रत कापलेली आहे. आशियाई चित्रपटांबाबत हे फार घडलं. जॉन वू यांचा ‘रेड क्लिफ’ आशियात दोन भागांत आला (२००८ आणि २००९). दोन्ही मिळून साडेचार तासांहून जास्त. पाश्चात्त्य देशांसाठी त्याचा १४८ मिनिटांचा एकच चित्रपट केला. त्यात लढाया राहिल्या आणि त्या लढायांमागची डोकी गेली. टोनी जाचा ‘टॉम-यम-गूंग’ (२००५) अमेरिकेत ‘द प्रोटेक्टर’ नावाने बराच कापून दाखवला. त्यात जिन्यावरून मजले चढत जाणारी सुमारे चार मिनिटांची सलग मारामारी आहे. तेवढ्यासाठीसुद्धा थाई प्रत शोधा. कुठलाही चित्रपट सुरू करण्याआधी मूळ लांबी आणि आपल्या प्रतीची लांबी ताडून पाहा. चार टक्क्यांचा फरक वेगाचा असू शकतो, त्याहून जास्त असेल तर कात्री लागलेली आहे.

प्रश्न: नव्या मोठ्या टीव्हीवर ‘सेव्हन सामुराई’ आणि ‘ओल्डबॉय’ मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात. का?

टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने नव्या चौकटी घालतोय. सेटिंगमध्ये ‘मोशन’ किंवा ‘स्मूद’ असा शब्द असलेला पर्याय शोधून पूर्ण बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की झालं. मारामारीच्या चित्रपटांचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं. ठोशाचा ठसका चौकटींमधल्या फटीतूनच येतो आणि टीव्ही नेमकी तीच बुजवतो. ‘ओल्डबॉय’मधला (२००३) बोळातला प्रसंग एका सलग शॉटमध्ये आहे. तीन दिवस आणि १७ टेक लागले. शेवटाकडे नायक दमून भिंतीला टेकतो, तो दम खरा आहे. चित्र गुळगुळीत झालं की ही थकावट दिसतच नाही.

चौकटीचा आकारही तपासा. हाँगकाँगचे स्टुडिओ-काळातले बरेच चित्रपट २.३५ : १ इतके रुंद आहेत. जुन्या ४ : ३ च्या प्रतीत पडदा भरावा म्हणून कडा छाटल्या की ४३ टक्के चित्र जातं. दोघांच्या लढतीत एकटाच दिसतो आणि दुसऱ्याची नुसती तलवार आत येते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर आनंद माना.

प्रश्न: विनोदी चित्रपटांना सबटायटल्समधून हसू येत नाही. आशियाई विनोद आपल्याला कळतच नाही का?

शब्दांचा विनोद भाषांतरात मरतो, हे मान्य. स्टीफन चाऊच्या ‘मो लेइ ताउ’ विनोदात कशाचा कशाला मेळ नसतो आणि त्याच्या सुरुवातीच्या चित्रपटांत निम्मी गंमत कॅन्टोनीज शब्दांच्या कोलांट्यांत आहे. ते नंतर पाहा. आधी ‘शाओलिन सॉकर’ (२००१) आणि ‘कुंगफू हसल’ (२००४), कारण तिथे हसू शरीरातून येतं. ‘कुंगफू हसल’मधला घरमालक म्हणजे युएन वा. तो एकेकाळी ब्रूस लीसाठी कसरती करायचा. हे माहीत असलं की पायजम्यातला तो किडकिडीत माणूस लढायला उभा राहतो तेव्हा मजा दुप्पट होते.

भूत आणि विनोद एकत्र हवेत तर ‘मिस्टर व्हॅम्पायर’ (१९८५). हात पुढे करून उड्या मारत येणारं प्रेत, जियांगशी. नियम सुरुवातीलाच पाठ करा: ते श्वासावरून माणूस ओळखतं म्हणून श्वास रोखायचा, कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला की ते थिजतं, आणि जखमेवर उतारा चिकट तांदळाचा. दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि तिथून सगळा घोळ होतो. नियम पक्के ठाऊक असल्यामुळेच ते मोडताना हसू येतं.

थाई ‘पी माक’ (२०१३) त्याआधी ‘नांग नाक’ (१९९९) पाहिल्यावर खुलतो. कथा एकच: नवरा युद्धावरून परततो, बायको बाळंतपणात गेलेली आहे आणि त्याला ते माहीत नाही. ‘नांग नाक’मध्ये गळा दाटतो, ‘पी माक’मध्ये त्याच प्रसंगांवर पोट धरून हसतो.

आणि जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७). सुमारे ३० लाख येनमध्ये केलेला. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे आणि तो तुम्हाला सुमार वाटेल. कारण नसताना ताणलेली शांतता, अडखळणारे संवाद, जमिनीवर पडून राहिलेला कॅमेरा. बंद करू नका आणि त्याच्याविषयी काही वाचूही नका. खटकलेली प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा हिशेब मिळतो.

प्रश्न: घरात आठ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. त्यांच्यासोबत यातलं काय चालेल?

‘शाओलिन सॉकर’ मोठ्याला चालेल. ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) तेराव्या वर्षी आधी तुम्ही पाहून ठरवा. माणसं चावली जातात, पण खरा धक्का बाप-लेकीच्या नात्याचा आहे. ‘ओल्डबॉय’ आणि ‘द रेड’ पूर्ण वर्ज्य. धाकट्यासाठी ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८), ८६ मिनिटांचा. मात्र त्याच स्टुडिओचा, कार्टून दिसतं म्हणून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ त्याच्या हाती देऊ नका. युद्धात उपाशी पडलेल्या भावा-बहिणीची ती गोष्ट आहे. १९८८ मध्ये जपानी चित्रपटगृहांत हे दोन्ही एकाच खेळाला जोडीने दाखवले होते. घरी तरी त्यांच्यात काही वर्षांचं अंतर ठेवा.